लेव्हलचं दुसरं टोक

नळाची कामं नवरा-बायको मिळून करतात म्हटलं की लोक आधी हसतात. हसू देत. लेव्हल घ्यायला दोन माणसं लागतात, आणि ज्याच्याशी रोज भांडायची सवय आहे त्याचा आवाज भिंतीपलीकडूनही बरोबर ओळखू येतो. निदान या प्लंबरला तसं वाटायचं. त्या सकाळी तो आणि त्याची बायको टेम्पोत पाईप, एल्बो, सोल्युशनचे डबे आणि लेव्हलची नळी टाकून निघाले ते अगदी साध्या कामाला. एका बंगल्याच्या बागेत माशांचं तळं होतं, त्याला गाळणीची टाकी बसवायची होती. वाटेत दोघं भांडले तेसुद्धा चहात साखर कमी का, यावरून.

काम काय ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मध्येच थांबायला नको. तळ्याच्या तळाला भोक असतं. त्यातून जाड पाईप जमिनीखालून बाहेर काढायचा आणि टाकीच्या बुडाशी जोडायचा. टाकीची कड तळ्यातल्या पाण्याच्या जरा वर ठेवायची. मग पाणी आपल्या वजनानंच टाकीत येतं, घाण खाली बसते आणि वरचं निवळलेलं पाणी छोटा पंप परत तळ्यात सोडतो. पण टाकीची कड खाली गेली, की झालं कल्याण. पाणी कडेवरून वाहतं, आणि तळं रिकामं होईपर्यंत वाहत राहतं. म्हणून या कामात सगळी मदार लेव्हलवर.

लेव्हल म्हणजे एक लांब, आरपार दिसणारी नळी, आत पाणी भरलेली. एक टोक तळ्याशी, दुसरं टाकीशी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. आत बुडबुडा राहिला तर नळी फसवते, आणि उचलून नेताना टोकावर अंगठा दाबला नाही तर पाणी सांडतं. तळ्याकडचा माणूस टोक वरखाली करून पाणी खुणेला आणतो आणि "बस" म्हणून ओरडतो. इकडचा माणूस आपल्या बाजूला पाणी जिथे उभं असेल तिथे खुंटीवर रेघ मारतो. जगातले सगळे प्लंबर "बस" म्हणत असतील. या घरात एकटा बारक्या "टेकलं" म्हणायचा.

बारक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, शाळेतून हाकलला तेव्हा कामाला लावला. पोरगा हाताचा चांगला पण डावखुरा. पाईपच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळायचा तो उलट्या बाजूनं, आणि झाकण आवळताना तो धागा सुटून बाहेर लोंबायचा. दाजी ओरडला की हा दात काढायचा. दीडेक वर्षापूर्वी एका सकाळी तो म्हणाला, ताई, मला स्वतःचं मोठं काम मिळालंय, झालं की दाखवायला नेईन. गेला तो गेलाच. चौकीत सांगितलं, तरणाताठा मुलगा आहे, येईल फिरून. दाजीचं म्हणणं एकच, ड्रिल मशीन घेऊन पळाला लेकाचा. बायको मात्र रात्री दाराची कडी लावताना एकदा रस्त्याकडे बघायची. भाऊ जिवंत आहे की नाही एवढंच तिला कळायला हवं होतं.

बंगल्यात साहेब एकटेच राहायचे. उंच, पांढरे केस, आवाज बारीक आणि गोड. तळ्यात हातभर लांबीचे लाल-पांढरे मासे सुस्त फिरत होते. सगळ्यात मोठी एक पांढरी मासोळी, तिला ते राणी म्हणत. तिच्याबद्दल सांगत असतानाच तळ्याच्या कडेला एक बगळा उतरला. साहेबांनी बोलणं न थांबवता झाडाला टेकवलेला लोखंडी गज उचलला आणि एका फटक्यात बगळ्याची मान मोडली. पक्षी फडफडत राहिला तसे आणखी दोनदा हाणले. मग गज धुऊन जागेवर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या माशांच्या वाटेला कुणी गेलेलं मला चालत नाही." प्लंबरला वाटलं, इथूनच परत फिरावं. पण काम हातात घेतलं होतं आणि तोंडावर नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

बाग मागच्या नाल्याकडे उतरत गेली होती. तळं वर, मग माणसाच्या उंचीची दाट झुडपं, आणि झुडपांच्या खाली उतारावर टाकीची जागा. तळ आणि पाईप आधीच झालेले होते. एका पोरानं ते केलं आणि काम अर्धवट टाकून पळाला, असं साहेब म्हणाले. बायकोनं झुडपांखालची माती उकरून पाईपचं तोंड मोकळं केलं, तोंडावरचं झाकण पुसलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. झाकणाखालून सुताचा धागा सुटून लोंबत होता. उलट्या बाजूनं गुंडाळलेला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे बारक्याचं काम आहे."

त्यानं पाहिलं. त्यालाही ते ओळखू आलं. पण माणूस मोठा हेकट, म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? इथूनही पळाला, पळायची सवयच त्याला. आता लेव्हल घे, पाऊस यायला झालाय. ती नळीचं टोक घेऊन झुडपांपलीकडे गेली.

आभाळ खरंच उतरून आलं होतं. भर दुपारी बागेत अंधारलं, पानांमधून कुजका, माशाळ वास यायला लागला. त्यानं आपलं टोक खुंटीशी धरलं आणि हाक मारली, आलं का?

पलीकडून आवाज आला नाही. पण नळीतलं पाणी हललं आणि हळूहळू खाली सरकायला लागलं. ती टोक खाली घेत असणार. पाणी त्याच्या छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून गुडघ्याला. एवढा फरक? त्याला नवल वाटलं. पण उतारावर डोळा फसतो, पाणी फसत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना शिकवायचा. तो गुडघ्यावर बसला.

"अगं, आलं का?"

"अजून..." झुडपांतून आवाज आला. दबका, घशात माती गेल्यासारखा. "अजून खाली..."

पाणी घोट्याशी आलं.

"टेकलं..."

त्याला राग आला. भावाचा शब्द वापरून ही आपल्याला टोचतेय, असं त्याला वाटलं. त्यानं खुंटीच्या बुडाशी रेघ मारली आणि उतार कापायला लागला. थोड्या वेळानं बायको मनगट चोळत आली. नळी गुंडाळताना त्यानं पाहिलं, पलीकडच्या टोकाला काळा गाळ चिकटला होता. पडली असेल हातातून, त्यानं मनाशी म्हटलं.

घरी जाताना तिनं सांगितलं, मी साहेबाला जाऊन विचारलं, तो मुलगा कसा होता, कुठे गेला. त्यानं माझं मनगट धरलं, हसत हसत पिळलं आणि म्हणाला, तुम्ही पाईपचं बघा. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते. प्लंबर चरफडला, उद्याच सोडू म्हणाला हे काम. ती म्हणाली, नाही, तो खोटं बोलतोय, मला तिथेच राहायचंय. ती लेव्हल झाल्यावर साहेबांकडे गेली असेल, असं तो धरून चालला. आपण बंगल्याकडे गेल्यावर त्यानं टोक काठीला बांधून एकट्यानं लेव्हल उरकली असेल, असं ती धरून चालली. रोज बोलणाऱ्या माणसांचं असंच होतं, नेमकं विचारायचं ते राहून जातं.

टाकी बसली. पाईप जोडला, टाकीच्या अलीकडे पाणी बंद-चालू करायला व्हॉल्व्ह घातला, कडेनं माती भरली. पंप अजून यायचा होता, पण जोड गळतोय का ते पाहायला एकदा पाणी सोडायला हवं. एका ढगाळ दुपारी, साहेब आत झोपलेले असताना, त्यानं व्हॉल्व्ह उघडला.

पाईपमध्ये आधी एक लांब सुस्कारा झाला. मग पाणी आलं, काळं, घाण वासाचं. टाकी भरत गेली. कडेखाली चार बोटं राहिली की थांबेल, तो म्हणाला. थांबलं नाही. कडेला लागलं, कडेवरून फुटलं आणि धो धो करत उतारावरून नाल्याकडे धावलं.

"अगं, तूच तर टेकलं म्हणालीस," तो ओरडला.

"मी कधी?"

"लेव्हल घेताना. आधी अजून खाली म्हणालीस, मग टेकलं..."

"मी तेव्हा तळ्याशी नव्हतेच. तुम्ही खुंटी ठोकत होतात तेव्हाच नळीवर दगड ठेवून मी बंगल्याच्या दारात गेले होते."

दोघांच्या पायांवरून ते काळं पाणी चाललं होतं. दीड वर्ष ज्याला चोर म्हणून शिव्या घातल्या त्याच्या आवाजावर आपण उतार कापला, हे प्लंबरला कळलं. तो व्हॉल्व्हकडे झेपावला, तर बायकोनं त्याचा हात धरला. एरवी भांडताना कधी अंगाला हात न लावणारी बाई, तिनं नखं रुतवून धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यानं मागितलंय. रिकामं होऊ द्या."

वर झुडपांपलीकडे मासे उसळ्या मारायला लागले. आधी एखादाच, मग ओल्या कपड्यांचे पिळे दगडावर आपटावेत तसा एकसारखा आवाज. आणि त्या आवाजानं साहेब जागे झाले.

ते बोलत आले नाहीत की ओरडत आले नाहीत. झुडपं फुटली आणि गज खाली आला. पहिला फटका प्लंबरच्या खांद्यावर बसला, आत काहीतरी कडकन मोडलं. दुसरा पाठीत. तो चिखलात पडला तरी गज येतच होता, मांडीवर, बरगडीवर, आणि प्रत्येक फटक्याबरोबर तो बारीक गोड आवाज म्हणत होता, माझे मासे, माझे मासे. बायकोनं पाईप कापायची करवत उचलून साहेबांच्या दंडावर ओढली. रक्त उडालं. साहेब तिच्याकडे वळले, गज डोक्यावर उचलला. तेवढ्यात वरून एक जड फडफड ऐकू आली, आणि ते थबकले.

"राणी," ते म्हणाले, आणि गज टाकून वर धावले.

प्लंबर फरफटत त्यांच्या मागे गेला. का गेला ते त्यालाही सांगता येत नाही. कदाचित हा माणूस परत येईल म्हणून नजर ठेवायला. तळ्यात पाणी कमरेइतकंच उरलं होतं. कडेच्या गाळात मासे तोंडं उघडी टाकून तडफडत होते. मधोमध पाणी गोल फिरत होतं, आणि तळाच्या भोकावर राणी ओढली जाऊन अडकली होती. त्या भोकावर जाळी नव्हती, आधीच्या पोराला ती बसवायला मिळालीच नव्हती. साहेब कपड्यांनिशी आत उतरले, वाकले, तिला दोन्ही हातांनी सोडवली. ती सुळकन निसटली. आणि साहेबांचा उजवा हात भोकात गेला.

आधी कोपरापर्यंत. पाण्याचा ओढा केवढा असतो ते प्लंबरला माहीत होतं, अख्ख्या तळ्याचं वजन असतं त्यामागे. साहेबांनी हिसका दिला. हात बाहेर येण्याऐवजी दंडापर्यंत आत गेला, हनुवटी पाण्याला लागली.

"व्हॉल्व्ह बंद कर," प्लंबर झुडपांकडे तोंड करून ओरडला. "अगं, बंद कर, तो अडकलाय."

पलीकडून काही हललं नाही. पाणी ओढत राहिलं. मग तिचा आवाज आला, लेव्हल घेताना यायचा तसाच, स्वच्छ.

"आधी त्याला विचारा. माझा भाऊ कुठे आहे?"

विचारायची गरज पडली नाही. साहेबांनी ऐकलं होतं. तोंड वर करून, पाणी थुंकत ते बोलले. त्या पोरानं ताज्या सिमेंटवर पाणी भरलं, सिमेंटनं पाणी विषारी झालं, एका रात्रीत सगळे मासे उलटे तरंगले. सगळे. म्हणून गज मारला. एकच मारायचा होता.

"कुठे आहे?"

"खाली..." साहेब म्हणाले. "तळाखाली... वरून दुसरा कोबा केला... बंद कर, बाई, बंद कर..."

झुडपांपलीकडे तिचा हात व्हॉल्व्हवर किती वेळ तसाच राहिला कुणास ठाऊक. बंद करूच नये असं मला वाटलं होतं, हे तिनं पुढे नवऱ्यापाशी उघड कबूल केलं, आणि त्यानंही तिला त्यावरून कधी छेडलं नाही. पण तिनं व्हॉल्व्ह फिरवला. प्लंबरनं तो फिरताना ऐकला, शेवटचा आटा आवळल्याचा करकर आवाजही ऐकला. तळ्यातला भोवरा मोडला. पाणी सपाट, स्तब्ध झालं. तरंगणारं एक पान जागच्या जागी थांबलं.

साहेब दम टाकत हसले. हात बाहेर काढायला त्यांनी खांदा मागे घेतला.

आणि खांदा आत गेला.

पाणी हलत नव्हतं. ओढणारं काही नव्हतं. तरी तो माणूस इंचाइंचानं आत चालला होता. हाड मोडल्याचा आवाज पाण्यातून आला, मग दुसरा. साहेबांनी दुसऱ्या हातानं तळ ओरबाडला, नखं निघून आली. तोंड पाण्याखाली गेलं, परत एकदा वर आलं, डोळे प्लंबरकडे लागलेले. "वर..." ते म्हणाले. "वर घ्या..." प्लंबरनं मोडका खांदा विसरून उडी टाकली, त्यांची कॉलर धरली, सगळा जोर लावून ओढलं. पलीकडून कुणीतरी त्याच्यापेक्षा जास्त जोरानं ओढलं. त्याच्या हातात नुसती कॉलर उरली. मान भोकाच्या कडेवर दाबली गेली, एक कडाड असा आवाज झाला, आणि पाण्यावर लाल डाग पसरत गेला. राणी येऊन त्या डागाभोवती फिरायला लागली.

पुढचं सगळं पोलिसांसमोर झालं. कोबा फोडला तेव्हा बारक्या सापडला, ड्रिल मशीनसकट. त्याची कवटी कपाळावर फुटलेली होती. बायकोनं त्याला हाडांवरून ओळखलं नाही, मशीनच्या मुठीवर डाव्या हातासाठी त्यानं गुंडाळलेल्या चिकटपट्टीवरून ओळखलं. ती तिथेच चिखलात बसून मोठ्यानं रडली, आणि नवराही रडला, त्या मशीनवरून काय काय बोललो ते आठवून. साहेबांचा हात सोडवायला पाईप कापावा लागला. हात अडकून राहावा असं आत काही नव्हतं. हात मात्र पाच ठिकाणी मोडलेला, आणि पाची बोटं सुताच्या धाग्यानं घट्ट गुंडाळलेली होती. धागा उलट्या बाजूनं गुंडाळला होता. पाण्यात राहून गुंतला असेल, असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं.

खांदा जुळायला बरेच महिने गेले. मग दोघं परत कामाला लागले. ती जुनी लेव्हलची नळी टाकून दे म्हणून तो मागे लागला होता, पण तिनं टाकू दिली नाही. बारक्याचा आवाज शेवटी त्या नळीच्या टोकाशी आला होता. परत कधी आलाच तर ऐकायला आपण असायला हवं, असं तिचं म्हणणं. त्याला ते पटलं नाही, पण मोडवेनाही. एवढंच ठरलं की दोघं एकमेकांना दिसत नसतील तर लेव्हल घ्यायची नाही.

परवा एका गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची होती. भर दिवस, लख्ख ऊन. ती गच्चीच्या त्या कोपऱ्यात, तो या कोपऱ्यात, मध्ये काही नाही. तिनं नळीचं टोक धरलं होतं. त्यानं हाक मारली, आलं का?

"वर..."

तो तिच्याकडे बघत होता. तिचे ओठ मिटलेले होते.

"वर घ्या... वर..." आवाज बारीक होता, गोड होता, पाण्यातून येत होता. नळीच्या मधोमध, घरून निघताना नीट तपासलेल्या त्या पाण्यात, एक बुडबुडा उठला आणि तिच्या टोकाकडे चढायला लागला. घाईघाईनं, नळीच्या भिंती चाचपत.

तिनं त्याला येताना पाहिलं. ज्या आवाजाची ती वाट बघत होती तो हा नव्हता. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता, नुसता कामाचा भाव होता. तिनं नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि दाबला. बुडबुडा अंगठ्याखाली येऊन धडकला, मागे सरला, पुन्हा धडकला. धडकत राहिला. तिनं अंगठा हलवला नाही. साहेबांनी पिळलेलं मनगट ते हेच.

मग तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टेकलं."

त्यानं मुकाट्यानं भिंतीवर रेघ मारली.